बिनमिठाचे मामाजी

चहा घ्या आधी, थंड होऊन राह्यला. अन् हसायचं तर पोटभर हसा, मी काही म्हणणार नाही. फक्त आमच्या कॉलेजात जाऊन हे सांगू नका. मी तिथं रसायनशास्त्र शिकवतो हो! वर्गात मी काय शिकवतो अन् घरी काय करून बसलो, हे पोरांना कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. असा बट्ट्याबोळ करून ठेवला होता मी. गजानन महाराजांची कृपा, माणूस वाचला, म्हणून आज हे सांगायची हिंमत होते.

मी राहतो डोणगावला. सासुरवाडी माझी धामणगाव बढ्याची. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. सत्तरी ओलांडलेले, पण ताठ. शेतातून चालत यायचे अन् दम लागायचा मागून येणाऱ्या पोरांना.

त्या घरात दोष म्हणावा तर एकच. जावयाचा शब्द! जावई बोलला की ब्रह्मवाक्य. एकदा मी सहज म्हणालो, "ओसरीत उजेड कमी वाटते बुवा." पुढच्या वेळी गेलो तर भिंत फोडून खिडकी काढलेली! आता असल्या घरात माणसानं तोंड सांभाळून उघडावं की नाही? पण मास्तरच तो. त्याचं तोंड बंद राहते कुठं?

पाडव्याच्या सुमारास मामाजींना बीपी निघालं. गावच्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, लघवी जास्त होणारी, अन् सांगितलं, "मीठ जरा बेतानं खा." झालं. मी तिथं हजर होतो ना! माझ्यातला मास्तर जागा झाला.

"मामाजी, 'जरा' म्हणजे काय? डॉक्टर लोक गुळमुळीत बोलतात. मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. बीपीवाल्याला विष! एकदम बंद करा. अन् उन्हाळा येऊन राह्यला, पाणी प्या. जितकं जाईल तितकं प्या. शरीर आतून धुऊन निघते."

"धुऊन निघते?" मामाजींनी विचारलं.

"एकदम चकाचक!"

"ऐकलं काय वं?" मामाजी सासूबाईंकडे वळले. "जावईबापू काय म्हणून राह्यले? आजपासून मीठ बंद."

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात मी वर्गात काय शिकवत होतो? विद्युत अपघटनी पदार्थ! इलेक्ट्रोलाइट्स! टेबलावर दोन चंचुपात्रं, एकात साखरेचं पाणी, एकात मिठाचं. तारा बुडवल्या. साखरेच्या पाण्यात बल्ब मख्ख. मिठाच्या पाण्यात लखकन पेटला. "पोरांनो, मीठ विरघळलं की त्याचे आयन सुटे होतात, प्रभार असलेले कण! तेच वीज वाहून नेतात. आपल्या नसा, आपले स्नायू, आपलं हृदय, सगळं याच सोडियम-पोटॅशियमवर चालते!" पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या हो. पण पुस्तकातलं शरीर वेगळं अन् सासऱ्याचं शरीर वेगळं, असंच बहुतेक मला वाटत असावं.

इकडे धामणगावात माझ्या शब्दाची अंमलबजावणी सुरू झाली. मामाजींची भाजी वेगळी, बिनमिठाची. भाकरी बिनमिठाची. ठेच्याशिवाय ज्यांचा घास उतरत नव्हता, त्यांच्यासमोरून ठेचा उचलला. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. मठ्ठ्यातसुद्धा मीठ नाही! अन् सासूबाई दिवसभर पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागं मागं.

"पुरे वं आता, पोटात डबडब वाजते."

"प्या म्हणते ना! जावईबापूनं सांगतलं, जितकं जाईल तितकं!"

गावातल्या दोस्तांनी पारावर कांदाभजी पुढं केली तरी मामाजी हात जोडायचे. "नाई बाप्पा. जावयाले शब्द देल्ला." हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा फोनवर मी विचारायचो, "काय मामाजी, पाळता ना?" अन् पलीकडून थकल्या आवाजात यायचं, "पाळतो ना जी." मी खूश. दिवसेंदिवस त्यांचा आवाज खाली जात होता, ते काही या शहाण्याच्या कानात शिरलं नाही.

मग आला धोंड्याचा महिना. तुम्हाला माहीतच आहे, अधिक महिन्यात जावयाला बोलावून पाय धुतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, अनारशाचं ताट देतात. जावई म्हणजे साक्षात नारायण! अन् यंदा अधिक महिना आला ऐन उन्हाळ्यात. सुषमा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "ऊन उतरू द्या, मंग जाऊ." पण नारायणाला घाई. गाडी काढली अन् निघालो.

दरवेळी मामाजी फाट्यावर उभे असायचे. यावेळी नाहीत. मला लागलं थोडं मनाला. घरी पोचलो तर ते ओसरीत बाजेवर बसलेले, नजर कुठंतरी भलतीकडं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं अन् म्हणाले, "काऊन बे? मोटर बांधली काय?"

बे! जावयाला बे! अन् मोटर? विहिरीवरची मोटर? मी काय मिस्त्री आहे?

माझा साळा गजानन, बत्तिशीतला गडी, धावत आला. "भाऊजी, मनावर घेऊ नका. बाबा दोन-चार दिवसांपासून असेच करून राह्यले. उन्हानं असंन."

"हो हो, चालते," मी म्हणालो. आतून मात्र चाललेलं नव्हतं. मला वाटलं, हा टोमणा आहे. मास्तर म्हणजे शेवटी मिस्त्रीच, असं म्हातारबांना सुचवायचं आहे. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, "वायर जळली होती का बेरिंग गेली होती?" आता तर माझी खात्रीच झाली.

दुपारी पाय धुवायचा कार्यक्रम. शेजारपाजार जमला. मी चौरंगावर, सुषमा शेजारी, पाय परातीत. गुरुजी म्हणाले, "सासरेबुवा, जावयाच्या पायावर पाणी घाला." सासूबाईंनी भरलेला तांब्या मामाजींच्या हातात दिला.

मामाजींनी तांब्याकडं पाहिलं. तांब्यानं त्यांच्याकडं पाहिलं. अन् त्यांनी तांब्या तोंडाला लावला अन् गटागटा सगळा पिऊन टाकला!

"घ्या," म्हणाले, "पेलो. आता काही दिवस सोडा मले."

सारी ओसरी फुटली हसून. बायका पदर तोंडाला लावून लावून हसल्या. अन् मी? कोरडे पाय परातीत ठेवून बसलेला नारायण! माझं टाळकंच सरकलं. धोंड्याच्या दिवशी, गावासमोर, अशी फजिती!

उठलो. "मला नाही जेवायचं," म्हणालो अन् बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसलो. रुसलो मी. चक्क रुसलो!

आता सासुरवाडीला जावई रुसणं म्हणजे काय असते, हे ज्यांच्या घरी जावई आहे त्यांना विचारा. चुलीवर पुरण करपलं तरी चालेल, पण जावई उपाशी जायला नको. अख्खं घर निंबाखाली. सासूबाई हात जोडून, गजानन पाय धरून, शेजारच्या काकू अनारशाचं ताट घेऊन.

"चला ना भाऊजी, ऊन लागंन."

"नाही."

"माह्या मायकडं पाहा ना."

"मामाजी स्वतः येऊन बोलावतील तर उठेन. नाहीतर गाडीत बसतो अन् जातो डोणगावला."

सुषमा तेवढी आली नाही. दारात उभी राहून एकच म्हणाली, "बाबाले बरं नाई वाटत मले. तुमचं रुसणं आवरा." मला वाटलं, माहेरची बाजू घेते. मी आणखी ताठ बसलो. आज आठवलं की स्वतःच्याच दोन मुस्काटात द्याव्या वाटतात. घरातलं एकूण एक माणूस धडधाकट जावयाला समजावत होतं, अन् ज्याला खरं पाहायला पाहिजे होतं तो म्हातारा ओसरीत एकटा.

अन् तरी त्या भल्या माणसाला माझ्यासाठी उठवलं! गजाननानं आत जाऊन सांगितलं, "बाबा, भाऊजी रुसले. तुमी चला." मामाजी उठले. भर उन्हात अंगणातून यायला लागले. पाऊल पडते एकीकडं, तोल जाते दुसरीकडं. सुषमा हात धरायला धावली. तिच्याकडं पाहून ते अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, तुमी कोण्या गावच्या?"

कोणी हसलं नाही. सुषमाचं तोंड पांढरं पडलं. दोन पावलं पुढं आले अन् मामाजी खालीच बसले. भडाभडा ओकले. ओकण्यात काय, नुसतं पाणी.

माझा रुसवा कुठल्या कुठं पळाला. घाबरलो हो मी! पण घाबरला तरी मास्तर गप्प बसेल का? मीच ओरडलो, "ऊन लागलं! पाणी आणा! पाणी पाजा!" कळलं का? पाण्यानंच जो माणूस बुडत होता, त्याच्या तोंडात मी अजून पाणी ओतत होतो. गाडीत घातलं, गजानन चालवायला बसला, अन् मोताळ्यावरून बुलढाण्याचा घाट चढेपर्यंत मी बाटली काही सोडली नाही. "मामाजी, अजून एक घोट!"

दवाखान्यात डॉक्टर मॅडम होत्या, तरण्या, पण आवाज असा की वॉर्डबॉय भिंतीला चिकटून चालावा. त्यांनी आधी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. "पाणी बंद!" रक्त काढलं. रिपोर्ट आला तसा त्यांचा चेहरा बदलला.

"यांचं सोडियम किती खाली गेलंय माहीत आहे? अजून थोडं खाली गेलं असतं तर झटके आले असते. काय खातात हे?"

गजानन हळूच म्हणाला, "सगळंच खातात जी. बिनमिठाचं."

"बिनमिठाचं? अजिबात मीठ नाही?"

"खडासुद्धा नाई."

"अन् पाणी?"

"जितकं जाईल तितकं."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "लघवीच्या गोळीनं मीठ जातंय, घामानं जातंय, वरून खाणं बंद, अन् वर पाण्याचा मारा. अंगात होतं नव्हतं ते सोडियम पातळ करून टाकलं! हा सल्ला कोणत्या गाढवानं दिला?"

गाढव तिथंच उभं होतं. हातात बाटली नव्हती, म्हणून हात कुठं ठेवावे कळत नव्हतं.

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या माउलीनं डोळ्यांतलं पाणी पुसलं अन् म्हणाली, "कोणी नाई जी. त्यायच्या आपल्याच मनानं."

गजानन म्हणाला, "मोबाईलवर पाह्यलं असंन कुठंतरी."

ऐका! घरचा कर्ता माणूस खाटेवर बेशुद्धीच्या वाटेवर, अन् यांना काळजी कशाची? जावयाचं नाव खाली पडू नये! मला तोंड उघडायचं होतं हो, खरंच. पण मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागलो.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "तुम्ही कोण?"

"जावई," मी म्हणालो.

"काय करता?"

मी उत्तर देण्याआधीच गजानन म्हणाला, "शेती करतात जी भाऊजी."

"बरं. मग तुम्हाला सोप्या भाषेत सांगते, घरी सगळ्यांना समजावून सांगा." अन् बाईंनी मला शिकवायला सुरुवात केली! "हे बघा भाऊ, मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे बारीक कण सुटे होतात. त्यांच्यात वीज असते. त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. जमेल का म्हणायला?"

"इलेक्… ट्रोलाइट," मी म्हणालो.

"छान! मेंदूचा निरोप हातापायाला याच कणांमुळं पोचतो. रक्तातलं सोडियम कमी झालं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, मेंदू सुजतो, माणूस बरळायला लागतो, ओळख विसरतो. समजलं?"

"समजलं मॅडम," मी म्हणालो. अन् देवाशप्पथ, इतकी वर्षं शिकवून जे समजलं नव्हतं ते त्या दिवशी समजलं.

"यांना मिठाचं सलाईन लावतोय. पण थेंब थेंब. सोडियम घाईनं वाढवलं तरी मेंदूला इजा होते. वाट बघा."

वाट बघणं काय असते, ते विचारू नका. सुषमा बाकावर बसून होती. मी शेजारी बसलो. ती सरकली नाही, पण माझ्याकडं पाहिलंही नाही. समोरच्या भिंतीकडं पाहत म्हणाली, "माह्या बापानं तुमच्या शब्दापायी जिभेची चव सोडली. अन् तुमी त्यायच्यावर रुसले?"

"चुकलो," म्हणालो. अन् सांगतो तुम्हाला, रडलो मी. दवाखान्याच्या बाकावर, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत. एकच मागणं होतं, म्हातारा नुसता शुद्धीवर येऊ दे. मला बे म्हणू दे, मिस्त्री म्हणू दे, गावासमोर उभं करून जोड्यानं मारू दे. पण लेकीला ओळखू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी डोळे नीट उघडले. सलाईनकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. आम्ही सगळे खाटेभोवती. विचारायचीच भीती वाटत होती. तेवढ्यात मॅडम आल्या.

"काय बाबा, काही प्रश्न विचारते, उत्तर द्यायचं. नाव काय तुमचं?"

"नामदेव," मामाजी म्हणाले. आवाज बारीक, पण स्वच्छ.

"गाव?"

"धामणगाव बढे."

"ही कोण?" मॅडमनी सुषमाला पुढं केलं.

मामाजींनी डोळे बारीक करून पाहिलं. "ही? लेक माही. सुषमी. रडून राह्यली काऊन वं?"

मग काय, सुषमा ढसाढसा रडायला लागली, सासूबाई देवाला हात जोडायला लागल्या, गजानन भिंतीकडं तोंड करून उभा. माझ्या छातीवरचा दगड उतरला हो!

"छान," मॅडम म्हणाल्या. "अन् हे कोण?" बोट माझ्याकडं.

सासूबाईंनी मॅडमच्या मागून मामाजींना डोळ्यांनी खुणा केल्या. नाही नाही म्हणून मान हलवली. गजानन खोकला. पण सोडियम जागेवर येऊ लागलेल्या माणसाला कोण अडवणार?

"हे आमचे जावईबापू," मामाजी म्हणाले. "डोणगावले कालेजात रसायन शिकवतात. माहं मीठ यायनंच बंद केलं."

मॅडमचा पेन हवेत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हे तर शेती करतात ना?"

"शेती?" मामाजींना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "यायले तूर अन् हरभरा ओळखू येत नाई जी!"

"बरोबर!" मी ओरडलोच. "एकदम बरोबर मॅडम! सगळं बरोबर सांगितलं मामाजींनी! तो गाढव मीच!" अन् मी मामाजींचे पाय धरले. उभ्या जन्मात पकडलं गेल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मॅडमना हसू आवरेना. कागदावर काहीतरी लिहिलं अन् म्हणाल्या, "पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे. आता शेवटचा प्रश्न बाबा, नीट विचार करून सांगा. यापुढं जावयाचं ऐकायचं का?"

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं. रीत ती रीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "ऐकीन ना बाई. जावयाचं ऐकाच लागते."

मग मॅडमकडं वळून हळूच म्हणाले, "पण करीन तुमचं."